कर्जखत आणि राज्य: इजिप्तच्या पारतंत्र्याचा जमाखर्च

राज्ये कशी बुडाली असे कोणी विचारले तर बहुधा लढायांची नावे सांगितली जातात. अमुक साली अमुक मैदानावर फौज हरली आणि राज्य गेले, एवढा इतिहास शाळेपासून सर्वांस पाठ असतो. परंतु एकोणिसाव्या शतकात जगाचा नकाशा जो पालटला, त्याकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले असता निराळेच चित्र दिसते. कित्येक देशांच्या बाबतीत तोफेचा पहिला गोळा सुटण्यापूर्वीच राज्य सावकाराच्या दप्तरी गहाण पडलेले होते, आणि फौज आली ती जप्तीच्या हुकुमाची बजावणी करावयास. या प्रकाराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे इजिप्त अथवा मिसर देश होय. १८६२ साली या देशाने पहिले परदेशी कर्ज काढले. १८८२ साली इंग्रजी आरमाराने अलेक्झांड्रिया शहरावर तोफा डागल्या. कर्जापासून जप्तीपर्यंतचा हा वीस वर्षांचा जमाखर्च आमच्या व्यापारी वाचकांपुढे ओळीने मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आरंभीची शिल्लक पाहू. १८०५ ते १८४८ या काळात इजिप्तवर महंमद अली पाशाची सत्ता होती. नावाला तो तुर्कस्तानच्या सुलतानाचा सुभेदार. परंतु कर्तबगारीने स्वतंत्र राजाच होता. त्याने कालवे खणले, लांब धाग्याच्या कापसाची लागवड देशभर वाढविली, कारखाने काढले, फौज उभी केली. रयतेवर त्याने जुलूम पुष्कळ केला हेही खरे. तथापि एक गोष्ट त्याने कटाक्षाने टाळली, ती म्हणजे युरोपीय पेढ्यांचे कर्ज. त्याचे सामर्थ्य युरोपातील राष्ट्रांस खुपू लागले तेव्हा त्यांनी त्याला दोन बाजूंनी बांधून टाकले. १८३८ साली इंग्लंड व तुर्कस्तान यांच्यात जो व्यापारी तह झाला त्याने सरकारी मक्ते बंद पाडले आणि आयात मालावरील जकात अगदी हलकी करून टाकली. व पुढे १८४१ साली त्याच्या फौजेवर १८,००० शिपायांची मर्यादा घालण्यात आली. म्हणजे आपल्या मालाचे संरक्षण करण्याचा अधिकार प्रथम गेला. ज्या देशाला स्वतःची जकात ठरविता येत नाही त्याला पैसा उभारावयाचा झाल्यास दोनच वाटा उरतात: रयतेवरचा शेतसारा वाढवावयाचा, नाहीतर कर्ज काढावयाचे. पुढच्या राज्यकर्त्यांनी दोन्ही वाटा धरल्या.

१८५४ साली सैद पाशा गादीवर आला आणि त्याच वर्षी त्याने फर्दिनांद द लेसेप्स या फ्रेंच गृहस्थास सुवेझची संयोगभूमी खणून दोन समुद्र जोडण्याची सनद दिली. कालवा खुला झाल्यापासून ९९ वर्षे तो कंपनीच्या ताब्यात राहावयाचा होता. सनदेच्या अटी वाचल्या म्हणजे त्या देणाऱ्याने लिहिल्या की घेणाऱ्याने, असा प्रश्न कोणाही वकिलाच्या मनात उभा राहील. कालव्याकाठची जमीन इजिप्तने द्यावयाची, मजूरही इजिप्तच्या सरकारने पुरवावयाचे. त्याप्रमाणे फेल्लाह म्हणजे तेथील गरीब शेतकरी हजारोंच्या संख्येने वेठीस धरून वाळवंटात नेले गेले. कंपनीचे ५०० फ्रँकांचे एक असे ४ लाख भाग विक्रीस निघाले; ते सगळे खपेनात, तेव्हा उरलेलेही सैद पाशाच्याच गळ्यात घालण्यात आले. अशा रीतीने त्याच्या नावावर सुमारे १ लाख ७७ हजार भाग चढले. जमीन आपली, घाम आपला, भांडवलाचाही मोठा हिस्सा आपला, आणि मालकी मात्र परक्याची, असा हा व्यवहार होता.

पुढे वेठीविरुद्ध ओरड झाली व इजिप्त सरकारने ती पद्धत बंद करण्याचे ठरविले. यावर कंपनीने नुकसानभरपाईचा दावा मांडला. लवाद म्हणून फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याची योजना झाली. कंपनी फ्रेंच, लवाद फ्रेंच! १८६४ साली निवाडा झाला की इजिप्तने कंपनीस ८ कोटी ४० लाख फ्रँक द्यावे. आपल्याच रयतेची वेठ थांबविली म्हणून आपणच दंड भरावयाचा, असा हा निवाडा होता.

हे चालले असताना अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१ ते १८६५). दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, आणि हिंदुस्थान व इजिप्त येथील कापसाला सोन्याचा भाव आला. त्या चार वर्षांत मुंबईत काय झाले ते आमच्या वाचकांस वाडवडिलांच्या तोंडून ठाऊक असेलच. रोज नव्या कंपन्या, रोज नवे भाग, बॅक बे भरून काढण्याची स्वप्ने, आणि प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर लाखोंची देवघेव. १८६५ साली युद्ध संपल्याची वार्ता आली आणि फुगा फुटला. पेढ्या बसल्या, घराणी बुडाली, बँक ऑफ बॉम्बेही काही वर्षांत गुंडाळावी लागली. परंतु मुंबईचे जे दिवाळे निघाले ते व्यक्तींचे आणि पेढ्यांचे. कैरोमध्ये तोच जुगार राजाने आपल्या राज्याच्या पतीवर मांडला होता, आणि तेथे जे दिवाळे निघाले ते सबंध देशाचे.

हा राजा म्हणजे १८६३ साली गादीवर आलेला इस्माईल पाशा होय. खेदिव ही पदवी त्याने पुढे सुलतानाकडून मिळविली. तो मूर्ख नव्हता, केवळ विलासीही नव्हता. आगगाडीचे रस्ते, पाटबंधारे, तारायंत्रे, बंदरे, शाळा, ही कामे त्याच्याच कारकीर्दीत झाली. पण कापसाच्या तेजीचे उत्पन्न कायमचे समजून त्याने खर्चाचे अंथरूण पसरले, आणि तेजी ओसरल्यावर पाय आखडते घेण्याऐवजी कर्ज काढले. १८६४, १८६६, १८६८, १८७०, १८७३ अशी कर्जे एकामागून एक निघाली. १८६९ च्या नोव्हेंबरात कालवा खुला झाला, त्या समारंभास युरोपातील राजेरजवाडे आले आणि त्यांच्या सरबराईचा खर्चही खजिन्यावरच पडला.

या कर्जांचे स्वरूप व्यापाऱ्यांनी नीट समजून घ्यावे. १८७३ सालच्या कर्जखतावर आकडा होता ३ कोटी २० लाख पौंडांचा. खेदिवाच्या पदरात पडले सुमारे २ कोटी, आणि त्यातही काही रोख व काही पूर्वीचे घसरलेले सरकारी रोखे. मधली रक्कम सूट, दलाली व अडत यांत गळाली. व्याज मात्र खतावरच्या पूर्ण आकड्यावर चालू झाले. आमच्याकडे खेड्यातला सावकार शंभराचे खत लिहून घेऊन साठ हातावर ठेवतो तेव्हा आपण त्यास कसाई म्हणतो. लंडन व पॅरिसच्या पेढ्यांनी तेच केले तेव्हा त्याला उच्च अर्थव्यवहार असे नाव मिळाले. इकडे रोकड मिळावी म्हणून १८७१ साली इस्माईलने असा कायदा केला की, जो जमीनदार सहा वर्षांचा सारा आगाऊ भरील त्याचा सारा कायमचा निम्मा होईल. पुढच्या पिढ्यांचे उत्पन्न विकून आजचे व्याज भागविण्याचा हा प्रकार. १८६२ च्या पहिल्या कर्जाचा आकडा सुमारे ३३ लाख पौंड होता. १८७६ साली एकूण देण्याची मोजदाद झाली तेव्हा तो सुमारे ९ कोटी १० लाखांवर गेला होता.

१८७५ च्या ऑक्टोबरात तुर्कस्तानने आपल्या कर्जाचे पूर्ण व्याज देण्यास असमर्थता प्रकट केली आणि पूर्वेकडील सर्वच रोख्यांची पत कोसळली. नवे कर्ज मिळेना. तेव्हा इस्माईलने कालव्याचे भाग विकावयास काढले. इंग्लंडचे मुख्य प्रधान डिझरायली यांस हा सुगावा लागताच, पार्लमेंटची बैठक नसताना, त्यांनी रॉथ्सचाइल्ड यांच्या पेढीवरून पैसा उचलला आणि १ लाख ७६ हजार ६०२ भाग सुमारे ४० लाख पौंडांस खरेदी केले. कंपनीच्या एकूण भागांपैकी हे ४४ टक्के होत. यातील खरी खोच अशी की, या भागांवरील नफ्याची कुपने खेदिवाने १८९४ सालापर्यंत आधीच कंपनीकडे लावून दिलेली होती. म्हणून इंग्लंडने अट घातली की तोपर्यंत खरेदीच्या रकमेवर सालीना ५ टक्के व्याज इजिप्तने द्यावे. माल विकणाराने घेणारास व्याज द्यावे, असा सौदा आमच्या कोणत्या पेठेत होत असेल ते वाचकांनीच सांगावे! पुढे १८८० साली निव्वळ नफ्यातील १५ टक्क्यांचा जो हक्क इजिप्तकडे उरला होता तोही २ कोटी २० लाख फ्रँकांस विकला गेला. ज्या कालव्यासाठी रयतेने वेठ वाहिली, त्यातला एक पैदेखील नफा आता तिचा राहिला नाही.

एवढ्याने देणे फिटले नाही. १८७६ च्या मे महिन्यात कर्जफेडीसाठी परकीय प्रतिनिधींचे एक मंडळ कैरोमध्ये स्थापन झाले आणि उत्पन्नाच्या ठरावीक बाबी परस्पर त्याच्या हाती जाऊ लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस जमेवर एक इंग्रज आणि खर्चावर एक फ्रेंच असे दोन नियंत्रक बसले. १८७६ सालीच मिश्र न्यायकचेऱ्यांचे काम सुरू झाले. त्यांत न्यायाधीशांचे बहुमत परकीयांचे, आणि परकीय सावकारास इजिप्त सरकारवर दावा लावून हुकूमनामा मिळविण्याची मुभा. कायद्याचा धंदा करणारास यातील मर्म तत्काळ कळेल. सार्वभौम राजा परक्याच्या न्यायासनापुढे ऋणको म्हणून उभा राहिला त्याच दिवशी त्याचे सार्वभौमत्व संपले; राहिले ते सिंहासनाचे लाकूड.

१८७७ साली नाईल नदीला पूर कमी आला आणि पुढील वर्षी वरच्या इजिप्तात दुष्काळ पडला. माणसे मरत होती. पण हप्त्याची तारीख चुकली नाही. वसुली फटक्यांच्या जोरावर झाली, आणि शेतकऱ्याने उभे पीक गावातल्या सावकारास कवडीमोलाने लिहून देऊन सारा भरला. १८७८ साली अर्थखात्यावर इंग्रज व बांधकाम खात्यावर फ्रेंच असे दोन परकीय मंत्रीच नेमले गेले. त्यांनी काटकसर म्हणून अडीच हजार देशी लष्करी अंमलदारांस कमी केले. युरोपीय अधिकाऱ्यांचे भारी पगार मात्र चालूच राहिले. इस्माईलने शेवटी १८७९ च्या एप्रिलात या मंत्र्यांस निरोप दिला. उत्तर दोन महिन्यांत आले. जून महिन्यात सुलतानाकडून तार आली ती "माजी खेदिव" अशा पत्त्यावर! त्याचा पुत्र तेवफिक गादीवर बसला, आणि १८८० सालच्या कायद्याने राज्याच्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा भाग कर्जाकडे कायमचा लावून दिला गेला.

आता या प्रकरणाचा गाभा येतो. कर्नल अहमद अराबी हा खेड्यातल्या शेतकरी घराण्यातून वर आलेला अंमलदार. त्याच्याभोवती लष्करातील देशी लोक, गावोगावचे प्रतिष्ठित व शहरातील सुशिक्षित एकत्र झाले. त्यांची मागणी कर्ज बुडविण्याची नव्हती, हे पुष्कळ इतिहासकार विसरतात. प्रतिनिधिसभेने एवढेच मागितले की, उत्पन्नाचा जो अर्धा भाग कर्जाला लावून दिलेला आहे त्यास आम्ही हात लावीत नाही. उरलेल्या अर्ध्याचे अंदाजपत्रक मंजूर करण्याचा हक्क आम्हांस असावा. ज्या इंग्रजांनी आपल्या राजाशी याच हक्कासाठी युद्ध केले, त्यांना ही मागणी बंडाची वाटली. १८८२ च्या जानेवारीत इंग्लंड व फ्रान्स यांनी संयुक्त खलिता पाठवून खेदिवाची बाजू उचलली. जूनमध्ये अलेक्झांड्रियात दंगा झाला, त्यात युरोपीय व देशी असे दोन्हीकडचे लोक मेले. ११ जुलै रोजी इंग्रजी आरमाराने शहराच्या तटबंदीवर तोफा डागल्या. १३ सप्टेंबर रोजी तेल-अल-कबीर येथे अराबीचा पराभव झाला आणि त्यास सिलोनात हद्दपार करण्यात आले.

इंग्लंडात त्या वेळी मुख्य प्रधान होते उदारमतवादी ग्लॅडस्टन, आणि त्यांच्या स्वतःच्या गुंतवणुकीचा मोठा भाग इजिप्तच्या रोख्यांत होता, हे त्यांच्या रोजनिशीवरून पुढे उघड झाले. तेवढ्यासाठी त्यांनी युद्ध केले असे आम्ही म्हणत नाही. परंतु रोखे धारण करणारा वर्ग आणि राज्य चालविणारा वर्ग एकच असला म्हणजे सावकाराचे हित हेच राष्ट्राचे हित असे प्रामाणिकपणेही वाटू लागते, हे यावरून दिसते. जॉन ब्राइट यांनी मात्र तोफा सुटताच मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे नमूद करणे न्यायाचे आहे.

या स्वारीत हिंदुस्थानचाही संबंध आला. येथील पलटणी इजिप्तात लढावयास नेण्यात आल्या. भांडण रोखेवाल्यांचे, देश इजिप्तचा, लाभ इंग्लंडचा. परंतु रिपन साहेबांच्या सरकारने विरोध केला असताही ब्रिटिश खजिन्यातून ५ लाख पौंड देऊन बाकीचा भार हिंदी करदात्यावर टाकण्यात आला. आणखी एक दुवा व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८८३ पासून १९०७ पर्यंत इजिप्तचा खरा धनी जो लॉर्ड क्रोमर, तो मूळचा एव्हलिन बेअरिंग. तो प्रथम कैरोच्या कर्जफेड मंडळावर इंग्रज प्रतिनिधी होता. नंतर हिंदुस्थानचा अर्थमंत्री झाला आणि १८८२ साली त्याने विलायती कापडावरील आयात जकात काढून टाकली. मग पुन्हा इजिप्तात गेला. तेथे १९०१ साली देशी गिरण्यांच्या कापडावर आयात जकातीइतकीच ८ टक्के जकात बसली. इकडे हिंदी गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्क्यांचा असाच कर होता. नाईलच्या काठी आणि मुंबईच्या गिरणगावात एकाच लेखणीने एकच हिशेब लिहिला जात होता. कापूस तुम्ही पिकवावा, कापड आम्ही विणावे.

यावर एक आक्षेप येईल तो टाळून चालणार नाही. क्रोमरने खजिना सावरला, पाटबंधारे सुधारले, फटक्यांची शिक्षा व वेठ पुष्कळशी बंद केली. शिवाय घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, त्यात सावकाराचा काय दोष? यांतील पहिले विधान आम्ही बव्हंशी मान्य करतो. दुसऱ्याचे उत्तर कायद्यातच आहे. कर्ज फेडलेच पाहिजे, पण ते ज्याने घेतले त्याने. आपल्या धर्मशास्त्रात बापाने दुर्व्यसनापायी काढलेले अव्यावहारिक ऋण मुलावर बसत नाही, असा नियम शतकानुशतके मान्य होता. मुखत्याराने अधिकाराबाहेर केलेला करार मालकास बांधीत नाही, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. फेल्लाहने इस्माईलला मुखत्यारपत्र केव्हा दिले होते? ज्यांनी पैसा दिला त्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी भारी व्याज व भारी सूट घेतली. जोखमीची किंमत आधी वसूल करावयाची आणि जोखीम ओढवली म्हणजे आरमार बोलवावयाचे, ही सावकारीची कोणती नीती?

कर्ज काढणारे सर्वच देश बुडाले असेही नाही. त्याच दशकात जपानने १८७० व १८७३ अशी दोन लहान कर्जे लंडनात काढली, आणि नंतर जवळजवळ पंचवीस वर्षे परदेशी बाजाराकडे पाहिले नाही. १८७३ पासून शेतसाऱ्याची नवी व्यवस्था लावून त्याने घरचा पैसा उभा केला. पुढे मात्र हाच जपान कोरियाच्या बाबतीत सावकार बनला. १९०७ साली कोरियातील सामान्य लोकांनी तंबाखू सोडून आणि दागिने देऊन १ कोटी ३० लाख वॉनचे राष्ट्रीय ऋण फेडण्याची चळवळ केली. ती दडपली गेली व १९१० साली देशच खालसा झाला. यावरून हा दोष केवळ गोऱ्या कातडीचा नसून हिशेब न देणाऱ्या सत्तेचा आहे, हे उघड होते.

इजिप्तचे खाते बंद व्हावयास फार काळ लागला. परकीय कर्जफेड मंडळ १९४० साली उठले, मिश्र न्यायकचेऱ्या १९४९ साली बंद झाल्या, आणि २६ जुलै १९५६ रोजी नासर यांनी अलेक्झांड्रियातच कालवा राष्ट्राच्या मालकीचा केल्याचे जाहीर केले. इंग्लंड, फ्रान्स व इस्रायल यांनी स्वारी केली. पण या वेळी काळाने उलटा न्याय केला. दोन महायुद्धांनी इंग्लंड स्वतःच ऋणको झाले होते. पौंडाची पत घसरू लागली, अमेरिकेने मदत अडविली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे दार फौज मागे घेण्याच्या अटीवाचून उघडेना. आणि नोव्हेंबरात युद्ध थांबवून डिसेंबरात इंग्रज फौज परत गेली. ज्या दोरीने १८७६ साली कैरो बांधले गेले, तीच १९५६ साली लंडनला काचली.

आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. १९९१ साली परदेशी देण्यासाठी मुंबईहून विमानाने सोने परदेशी गहाण पाठविण्याची वेळ आली होती. ते सोडवून आणता आले. कारण अंदाजपत्रक आपल्या संसदेत मांडले जात होते, त्यावर वाद होत होता, आणि चुकलेल्या मंत्र्यास लोक मतपेटीतून जाब विचारू शकत होते. इजिप्तच्या प्रतिनिधिसभेने १८८२ साली मागितलेला हक्क तो हाच. तो असला म्हणजे कर्ज हे शेतीला लागणाऱ्या बियाण्यासारखे उपयोगी पडते. तो नसला म्हणजे तेच बियाणे सावकाराच्या कणगीत जाते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. सरकार असो वा शहराची नगरपालिका असो, रोखे निघाले म्हणजे नागरिकांनी तीन प्रश्न विचारावे: खतावर आकडा किती आणि हाती आले किती? तारण काय लावून दिले? आणि फेडीचा पैसा ज्या उत्पन्नातून यावयाचा ते उत्पन्न तेजीचे की कायमचे? आमचे व्यापारी बंधू दिवाळीला वह्यांची पूजा करतात, आणि आपल्या दुकानाच्या वहीत एका आण्याचा फरक पडला तर रात्र जागवितात. राज्याच्या वहीकडे त्यांनी तितक्याच डोळसपणे पाहावे. इजिप्तच्या रयतेस ती वही कोणी दाखविली नाही, आणि तिने मागितली तेव्हा उत्तर तोफांनी मिळाले. आपल्यापुढे ती उघडी आहे. ती न वाचण्यास आपणास सबब राहिलेली नाही.